मृगाभोवतीचे तांबूस वलय : तेजोमेघांच्या छायाचित्रणासाठी एक प्रवास

पहिला दिवस

पठारावर पोहोचलो तेव्हा सूर्यास्ताला बराच अवकाश होता. एवढा वेळ हाताशी राहावा म्हणूनच आम्ही पहाटे निघालो होतो, कारण रात्री जिथे काम करायचे ती जागा दिवसाउजेडीच पारखून घ्यावी लागते. जमीन घट्ट हवी, वाऱ्याला थोडा आडोसा हवा, उत्तरेला ध्रुव तारा दिसेल इतके आकाश मोकळे हवे आणि या खेपेपुरते बोलायचे तर आग्नेयेचे क्षितिज अगदी खालपर्यंत उघडे हवे, कारण पहाटे वृश्चिक तिथूनच वर येणार होते. फेब्रुवारीचा मध्य आणि अमावस्येचा सुमार हा योग मुद्दाम साधला होता. या दिवसांत संध्याकाळी अंधार पडताच मृग नक्षत्र माथ्याजवळ आलेले असते आणि तीच रात्र सरत असताना वृश्चिकातली ज्येष्ठा क्षितिजावर चढलेली असते. म्हणजे हिवाळ्यातले तांबडे तेजोमेघ (ताऱ्यांमधले वायूचे आणि धुळीचे उजळ ढग) आणि उन्हाळ्यातले धुळीचे कृष्णमेघ एकाच रात्रीत कॅमेऱ्यात घेता येतात.

सोबत माझे एक ज्येष्ठ स्नेही होते. ते कॅमेरा वापरत नाहीत. द्विनेत्री आणि टिपणवही एवढ्यावरच त्यांचे आकाशनिरीक्षण चालते. मला अशी सोबत आवडते, कारण कॅमेरा एकदा कामाला लागला की छायाचित्रकाराचे लक्ष पडद्यावर खिळते आणि वर पाहायचे राहून जाते.

एवढ्या दूर येण्याचे कारण आकड्यांत सांगता येते. आकाशाच्या अंधाराची प्रतवारी करण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली आणि हौशी निरीक्षक आजही तिच्याच भाषेत बोलतात. अधिक नेमकेपणा हवा असेल तर आकाशाचा एक चौरस विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एवढा तुकडा किती प्रतीच्या ताऱ्याइतका उजळ आहे, हे मोजतात. प्रत हे तेजाचे माप, आणि तिचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश मंद. पूर्णपणे नैसर्गिक अंधारात हा आकडा २२ च्या जवळ जातो. मोठ्या शहरातले आकाश १८ चे आणि पठारावरचे २१.५ चे धरले, तर फरक साडेतीन प्रतींचा होतो, आणि प्रकाशाच्या हिशेबात तो पंचवीसपट भरतो. तेजोमेघाकडून येणारा प्रकाश दोन्हीकडे तेवढाच असतो. बदलते ती पार्श्वभूमी, आणि मंद वस्तूच्या छायाचित्रातला नॉइज, म्हणजे दाणेदार खरखर, मुख्यतः त्या उजळ पार्श्वभूमीतूनच येतो. त्यामुळे पठारावर तासाभरात जेवढे हाती लागते तेवढ्यासाठी शहरात पंचवीस तास चित्रण करावे लागेल. महागड्या लेन्सवर खर्च करण्याआधी अंधाराकडे जाण्यावर खर्च करावा, असे मी नवोदितांना नेहमी सांगतो, ते या हिशेबामुळे.

सूर्य मावळल्यावर ट्रायपॉड रोवला, त्याचे पाय समतल केले आणि वर ट्रॅकर बसवला. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, म्हणून आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल सहा मायक्रॉनचा आहे आणि १३५ मिलिमीटरच्या लेन्समागे असा एक पिक्सेल आकाशाचा ९.२ विकलांचा तुकडा पाहतो. स्थिर ट्रायपॉडवर, खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा एका सेकंदात दीड पिक्सेलहून जास्त पुढे निघून जातो. दोन मिनिटांचे एक्सपोजर हवे असेल तर कॅमेरा आकाशाच्या गतीने, पृथ्वीच्या अक्षाभोवतीच फिरायला हवा आणि त्यासाठी ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुव तारा प्रत्यक्ष ध्रुवबिंदूपासून सुमारे ४० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दूर आहे; ट्रॅकरच्या छोट्या दुर्बिणीतल्या वर्तुळावर तो त्या घडीला नेमका कुठे असावा हे पाहून, दोन्ही स्क्रू हळूहळू फिरवत त्याला तिथे आणायचा. या कामात किती काटेकोर असावे याचाही हिशेब करता येतो. अक्ष १० कलांनी चुकला, तर दोन मिनिटांत तारा जास्तीत जास्त पाच विकला घसरतो, म्हणजे १३५ मिलिमीटरच्या लेन्सला अर्ध्या पिक्सेलच्या आसपास. रुंद चौकटीच्या छायाचित्रणात ही मोठी सवलत आहे. लांब दुर्बिणीला ती मिळत नाही.

फोकसला मात्र कसलीच सवलत नाही. लेन्सवरची अनंताची खूण तेजस्वी ताऱ्यापुढे निरुपयोगी ठरते. व्याधाचा तारा चौकटीच्या मध्यावर घेतला, पडद्यावर दहापट मोठा केला आणि लेन्ससमोर बाख्तिनोव्ह मास्क लावला. पावेल बाख्तिनोव्ह यांनी २००५ मध्ये सुचवलेली ही तिरप्या फटींची चकती ताऱ्याभोवती तीन किरण उमटवते. दोन किरण एकमेकांना छेदतात आणि फोकसची रिंग केसभर फिरवली तरी तिसरा त्या छेदावरून इकडून तिकडे सरकतो. तो बरोबर मध्यातून जाऊ लागला की रिंग चिकटपट्टीने बांधून टाकायची. हवा गार होत जाते तशी लेन्स आकसते, म्हणून ही तपासणी दर तासाला करावी लागते, आणि ती कंटाळा न करता करावी.

पश्चिमेला राशिचक्रीय प्रकाशाचा शंकू कृत्तिकांच्या दिशेने तिरपा चढलेला होता. ग्रहांच्या कक्षांमधल्या धुळीवरून परावर्तित होणारा हा सूर्यप्रकाश शहरवासीयांना कधीच दिसत नाही. इथे तो इतका स्पष्ट होता की सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्याची, म्हणजे खगोलीय संधिप्रकाश संपल्याची, मी घड्याळात दोनदा खात्री करून घेतली.

पहिल्या रात्री ५० मिलिमीटरची लेन्स लावली. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर तिची चौकट सुमारे ४० अंश लांब आणि २७ अंश रुंद असते. काक्षी ताऱ्यापासून राजन्य ताऱ्यापर्यंतचे अंतर १८-१९ अंशांचे आहे, म्हणजे सगळे मृग नक्षत्र तिच्यात ऐसपैस मावते. अॅपर्चर एफ २.८, आयएसओ १६०० आणि एक्सपोजर दोन मिनिटे. लेन्स पूर्ण उघडी ठेवली असती तर प्रकाश जास्त मिळाला असता, पण कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटले असते. आयएसओविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याबाबत गैरसमज फार आहे. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर एकही फोटॉन जास्त पडत नाही, फक्त पडलेल्या प्रकाशाचा संकेत वाढवून नोंदवला जातो. हिस्टोग्राममधला, म्हणजे उजळपणाच्या आलेखातला, आकाशाचा उंचवटा डावीकडच्या कडेपासून सुटून पाव-तृतीयांश अंतरावर आला की एक्सपोजर पुरेसे झाले. त्यापुढे वाढवल्यास ताऱ्यांचे रंग जळून पांढरे पडतात.

पहिली फ्रेम पडद्यावर उमटली आणि मृगाच्या पूर्वेला तांबूस कमान दिसली. तिचे नाव बर्नार्डचे वलय. सुमारे दहा अंशांचे हे वलय बाणाच्या तीन ताऱ्यांना आणि खालच्या प्रसिद्ध तेजोमेघाला पूर्वेकडून कवेत घेते. डब्ल्यू. एच. पिकरिंग यांनी १८८९ मध्ये त्याचे छायाचित्र घेतले होते; १८९४ मध्ये एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी ते पुन्हा टिपले आणि त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या कामासाठी त्यांनी चित्रदीपात वापरतात तसले, जेमतेम दीड इंच व्यासाचे भिंग वापरले होते. तेव्हा ३६ इंची दुर्बिणी अस्तित्वात होत्या, परंतु त्यांना आकाशाचा इतका लहान तुकडा दिसत असे की वलयाच्या पोटात उभे राहूनही वलय दिसू नये.

या एका गोष्टीत रुंद चौकटीच्या छायाचित्रणाचे सगळे मर्म आहे, असे मला वाटते. तेजोमेघ लहान असतात म्हणून दिसत नाहीत, हा समज चुकीचा आहे. कित्येक तेजोमेघ पौर्णिमेच्या चंद्राच्या कितीतरी पट मोठे आहेत. ते दिसत नाहीत कारण ते मंद आहेत. आणि अशा पसरट, मंद वस्तूचा प्रकाश सेन्सरच्या एका पिक्सेलवर किती पडणार हे भिंगाच्या व्यासावर ठरत नाही, एफ-आकड्यावर (लेन्सचे नाभीय अंतर भागिले तिच्या छिद्राचा व्यास) ठरते. एफ २.८ ची साधी लेन्स, एफ ८ च्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा सेन्सरच्या तेवढ्याच क्षेत्रावर आठपट प्रकाश टाकते. मोठी दुर्बीण बारकावे दाखवते, ते तिचे काम. पण तेजोमेघ कोणत्या परिसरात वसला आहे हे लहान लेन्सच दाखवू शकते.

दुसरा दिवस

सकाळी उशिरा उठून आधी फ्लॅट फ्रेम घेतल्या. लेन्सवर पांढरे स्वच्छ कापड ताणून, एकसारख्या उजळ आकाशाकडे कॅमेरा धरून, रात्रीचाच फोकस आणि रात्रीचेच अॅपर्चर ठेवून ही चित्रे घ्यायची. कोपऱ्यांत प्रकाश किती घटतो आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग कुठे आहेत, याचा तो नकाशाच असतो. तेजोमेघांची मंद टोके पार्श्वभूमीपेक्षा टक्का-दोन टक्केच उजळ असतात. कोपऱ्यांतला अंधार त्याहून कितीतरी मोठा. तो अचूक भरून निघाला नाही तर चित्र ताणताना, म्हणजे मंद भाग वर उचलताना, जे दिसते ते आकाश आहे की लेन्स, हे कळेनासे होते.

दुपारी स्नेह्यांनी विचारले, “काल तुमच्या पडद्यावर ती लाल कमान मला लख्ख दिसली. मग द्विनेत्रीतून मी तासभर शोधत होतो, ती मला का दिसली नाही?”

याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. अंधारात आपण दंडपेशींनी पाहतो आणि त्या ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. बर्नार्डच्या वलयाचा बहुतेक प्रकाश हायड्रोजन-अल्फा रेषेचा, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरचा आहे. जवळच्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील प्रारणाने हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटतो, पुन्हा अणूत येतो आणि पायऱ्या उतरताना तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर आला की हा लाल फोटॉन बाहेर पडतो. दंडपेशी या लालपुढे जवळजवळ आंधळ्या असतात. गंमत अशी की नेहमीचा डिजिटल कॅमेराही पुष्कळसा तसाच असतो. माणसाच्या त्वचेचे आणि झाडापानांचे रंग नैसर्गिक यावेत म्हणून सेन्सरसमोर जो फिल्टर बसवलेला असतो तो लाल टोकाला उतरता असतो आणि या रेषेचा साधारण पाव हिस्साच आत सोडतो. म्हणून खास खगोल छायाचित्रणासाठी कॅननने २००५ मध्ये २०डीए, निकॉनने २०१५ मध्ये डी८१०ए आणि पुन्हा कॅननने २०१९ मध्ये ईओएस आरए असे कॅमेरे काढले, ज्यांत हा फिल्टर बदललेला आहे. माझा कॅमेरा साधाच, परंतु फिल्टर काढून बदलून घेतलेला आहे. मात्र ज्याच्याकडे असा कॅमेरा नाही त्याने थांबून राहू नये. मृगातला मोठा तेजोमेघ, कृत्तिकांचा निळा धूसरपणा आणि धुळीचे कृष्णमेघ साध्या कॅमेऱ्यातही उत्तम येतात. लाल रंगासाठी फक्त वेळ जास्त द्यावा लागतो.

रात्री १३५ मिलिमीटरची लेन्स लावली. तिची चौकट सुमारे १५ अंश बाय १० अंशांची, म्हणजे बाणाचे तीन तारे, खालचा तेजोमेघ, पूर्वेकडच्या वलयाचा एक तुकडा आणि एम ७८ हा निळा परावर्तन तेजोमेघ असे सगळे एकत्र येते. चौकट बांधताना मी बाण मध्यावर ठेवला नाही. मध्यावर ठेवला असता तर चित्र ओळखीचे झाले असते, पण पश्चिमेकडचे जवळजवळ रिकामे आकाश निम्मी जागा खाऊन बसले असते. बाण पश्चिमेकडच्या तिसऱ्या हिश्शात सारला आणि वलयासाठी जागा केली.

ही रात्र फार चांगली गेली. वारा पडलेला, दव नाममात्र, आणि लेन्सभोवती गुंडाळलेली उष्ण पट्टी तेवढ्यासाठी पुरेशी होती. काम असे म्हणाल तर काहीच नसते; इंटरव्हॅलोमीटर दर दोन मिनिटांनी फ्रेम घेत राहतो आणि आपण अधूनमधून एखादी फ्रेम मोठी करून तारे गोल आहेत ना एवढे पाहायचे. अशाच एका फ्रेममध्ये मी बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ चित्र पूर्ण मोठे केले. ताऱ्याच्या एका अंगाला ज्वाला तेजोमेघ, त्याच्या मधोमध काळ्या फांद्या. आणि दक्षिणेला तांबूस पडद्यावर एक बारीकसा खाच पडल्यासारखा काळा आकार. तो अश्वमुख कृष्णमेघ. त्याची उंची सुमारे आठ कला, म्हणजे माझ्या सेन्सरवर जेमतेम पन्नास पिक्सेल. पन्नास पिक्सेलांत मानेचा बाक कळतो, नाकाडाची दिशा कळते आणि एका कडेला लाल किनार जास्त उजळ आहे हेही कळते. विल्यमिना फ्लेमिंग यांनी १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेतल्या काचेच्या प्लेटवर तो प्रथम ओळखला, तेव्हा त्यांच्यासमोरही असा एक लहानसा डागच होता. हजारो ताऱ्यांच्या डागांमधून त्यांनी तो वेगळा काढला. हा आकार म्हणजे आकाशातले भोक नाही. मागच्या हायड्रोजनला सिग्मा ओरायनिस हा तारा उजळवतो आणि अलीकडची दाट, थंड धूळ तो उजेड अडवते.

खालच्या मोठ्या तेजोमेघासाठी वेगळी तजवीज करावी लागली. सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरच्या या तेजोमेघाचा गाभा इतका तेजस्वी आहे की दोन मिनिटांत तो जळून पांढरा होतो, आणि त्याचे पंख इतके मंद आहेत की दोन मिनिटेही कमी पडावीत. म्हणून पाच सेकंदांच्या आणि तीस सेकंदांच्या फ्रेमचे वेगळे संच घेतले, ते नंतर एकावर एक मिसळता येतात. गाभ्यातले चौकडीचे तारे मात्र एकमेकांपासून दहा-वीस विकलांवर आहेत, म्हणजे माझ्या एक-दोन पिक्सेलांवर. ते या लेन्सने सुटे होणार नाहीत आणि होण्याची अपेक्षाही नाही. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ११ इंची दुर्बिणीतून याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा एका प्लेटसाठी पाऊण तासाहून अधिक काळ दुर्बीण ताऱ्यांच्या मागोमाग हाकावी लागली होती. त्या प्लेटवर उमटला तो फक्त गाभ्याचा भाग. पंख उमटायला अँड्र्यू कॉमन यांची १८८३ ची प्लेट यावी लागली, आणि तिच्यात डोळ्याला दुर्बिणीतून न दिसणारे तारेही आले. छायाचित्र डोळ्याच्या पुढे गेले ते तिथे.

स्नेह्यांनी रात्रभर द्विनेत्रीतून जे टिपून ठेवले ते वाचण्यासारखे होते. तेजोमेघ त्यांना राखाडी आणि किंचित हिरवट दिसला. हा हिरवटपणा भास नाही. तो दुप्पट आयनीभूत ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटरच्या रेषेचा आहे, आणि ती रेषा दंडपेशींच्या अगदी पसंतीची. एकाच वस्तूतून कॅमेऱ्याने हायड्रोजन वेचला आणि डोळ्याने ऑक्सिजन.

तिसरा दिवस

दुपारपासून पश्चिमेकडून विरळ, उंचावरचे ढग येऊ लागले आणि संध्याकाळपर्यंत आकाश दुधाळ झाले. तारे दिसत होते, पण अशा ढगांतून घेतलेल्या फ्रेम चांगल्या फ्रेमांत मिसळल्या की त्यांनाही बिघडवतात. मी कॅमेरा लेन्सचे झाकण लावून बाहेरच ठेवला आणि आदल्या रात्रीच्याच तापमानाला, तेवढ्याच दोन मिनिटांच्या डार्क फ्रेम घेतल्या. सेन्सर अंधारातही उष्णतेने काही संकेत निर्माण करतो. काही पिक्सेल त्यात कायमचे अतिउत्साही असतात. डार्क फ्रेम तो वाटा मोजून देतात. बाकी रात्र झोपेत गेली.

चौथा दिवस

ढग पहाटेच ओसरले होते आणि दिवस स्वच्छ निघाला. अमावस्या होऊन गेली होती आणि चंद्राची बारीक कोर सूर्यापाठोपाठ मावळणार होती, त्यामुळे संध्याकाळपासून पहाटेपर्यंतची पूर्ण रात्र हाती होती. क्रम असा ठरवला : अंधार पडताच पश्चिमेकडे कललेला कॅलिफोर्निया तेजोमेघ, मग शृंगाश्वातला गुलाब तेजोमेघ, आणि शेवटी पहाटे वृश्चिक.

कॅलिफोर्निया तेजोमेघ ययाती तारकासमूहात आहे, अडीच अंश लांब, आणि कृत्तिकांपासून फार दूर नाही. १३५ मिलिमीटरच्या चौकटीत एका टोकाला कृत्तिका आणि दुसऱ्या टोकाला तो असे बसवता येते, आणि मला ही जोडी फार अर्थपूर्ण वाटते, कारण तेजोमेघ उजळण्याचे दोन्ही प्रकार तिच्यात शेजारी शेजारी दिसतात. कॅलिफोर्निया स्वतःच्या लाल प्रकाशाने चमकतो; झाय पर्सेई या तप्त ताऱ्याने त्याचा हायड्रोजन चेतवलेला आहे. कृत्तिकांभोवतीचा निळा धूसरपणा मात्र उसना आहे. व्ही. एम. स्लायफर यांनी १९१२ मध्ये तिथल्या एका ताऱ्याभोवतीच्या तेजोमेघाचा वर्णपट घेतला, तर तो हुबेहूब ताऱ्याच्याच वर्णपटासारखा निघाला. म्हणजे तिथे धूळ आहे आणि ती ताऱ्यांचा प्रकाश विखुरते, निळा जास्त. ती धूळ कृत्तिकांच्या जन्मातून उरलेलीही नाही. आपल्या वाटेवर या ताऱ्यांना ती आज भेटली आहे, इतकेच.

या चित्राची खरी कसोटी दोघांच्या मधल्या जागेत असते. साध्या डोळ्याला ती रिकामी वाटते, आणि दोन तासांच्या एकत्रित फ्रेमांमध्ये तीच जागा तपकिरी धुळीच्या पदरांनी भरलेली निघते. वृषभातल्या या ढगांत आजही नवे तारे जन्मत आहेत. एका फ्रेममध्ये यातले काहीच दिसत नाही. शंभर फ्रेमांची सरासरी घेतली की संकेत तोच राहतो आणि नॉइज दहाव्या हिश्शावर येतो, कारण तो फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. त्याचा उलटा अर्थही ध्यानात ठेवायचा : दुप्पट स्वच्छ चित्रासाठी चौपट वेळ लागतो. म्हणूनच एका प्रवासात दहा तेजोमेघ टिपण्यापेक्षा तीन-चारच घ्यावेत आणि त्यांना रात्री द्याव्यात. दर काही फ्रेमांनंतर कॅमेरा काही पिक्सेल मुद्दाम इकडेतिकडे हलवावा, म्हणजे सेन्सरचे ठरलेले दोष प्रत्येक वेळी ताऱ्यांच्या संदर्भात वेगळ्या जागी पडतात आणि सरासरीत विरून जातात.

गुलाब तेजोमेघाला मी थोडाच वेळ दिला. तो देखणा आहे, पण सव्वा अंशाचा असल्याने खरे पाहता लांब लेन्सचा विषय आहे. मधल्या ताऱ्यांनी आपल्या वाऱ्यांनी पोकळ केलेला गाभा मात्र १३५ मिलिमीटरलाही स्पष्ट आला.

मध्यरात्रीनंतर ट्रायपॉड न हलवता फक्त कॅमेरा आग्नेयेकडे वळवला आणि वाट पाहिली. ज्येष्ठा दीडच्या सुमारास वर आली, पण क्षितिजाजवळची हवा जाड असते, निळा प्रकाश तिथेच गळतो. म्हणून तारा पंचवीस अंश चढेपर्यंत शटर दाबले नाही. साडेतीन ते पावणेसहा, एवढीच वेळ मिळणार होती.

आकाशातला सर्वाधिक रंगीत प्रदेश कोणता असे मला कुणी विचारले तर मी ज्येष्ठेच्या परिसराचे नाव घेईन. सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवरच्या या धुळीच्या ढगात तेजोमेघांचे सगळे प्रकार एकमेकांना लागून आहेत. ज्येष्ठेभोवतीची धूळ त्या महाराक्षसी ताऱ्याचा पिवळट-नारिंगी प्रकाश विखुरते. तिच्या उत्तरेला सुमारे तीन अंशांवर, म्हणजे सहा चंद्रबिंबे मावतील एवढ्या अंतरावर, ऱ्हो ऑफियुकाय ताऱ्याभोवती तसाच ढग निळा आहे. सिग्मा स्कॉर्पाय हायड्रोजनला लाल करतो. आणि या सगळ्यांतून काळ्या धुळीच्या नद्या पूर्वेला आकाशगंगेच्या गाभ्याकडे वाहत जातात. ज्येष्ठेच्या अगदी शेजारी एम ४ हा गोलाकार तारकागुच्छ दिसतो, पण तो या ढगाच्या कितीतरी मागे, सुमारे ६००० प्रकाशवर्षांवर आहे. हे काळे भाग म्हणजे ताऱ्यांमधली रिकामी जागा, असे विल्यम हर्षल यांच्या काळापासून मानले जात होते. बर्नार्ड यांनाही प्रारंभी तसेच वाटे. वर्षानुवर्षे याच प्रदेशाची रुंद चौकटीची छायाचित्रे घेता घेता, हे प्रकाश अडवणारे पदार्थ आहेत असा त्यांचा निष्कर्ष झाला, आणि १९१९ मध्ये त्यांनी कृष्णमेघांची यादी प्रसिद्ध केली. ते १९२३ मध्ये वारले. त्यांचा आकाशगंगेचा छायाचित्रसंग्रह १९२७ मध्ये निघाला.

पाच वाजता स्नेह्यांनी द्विनेत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “जरा वर बघा. तारे कुठे संपतात ते बघा.” ज्येष्ठेच्या पूर्वेला ताऱ्यांची गर्दी एका रेषेवर अचानक थांबत होती, पलीकडे जवळजवळ काही नव्हते आणि मग पुन्हा गर्दी सुरू होत होती. कॅमेऱ्यात ही धूळ तपकिरी दिसते, डोळ्याला ती ताऱ्यांच्या नसण्यानेच कळते.

पाचवा दिवस आणि त्यानंतरचे काम

दुपारी परतीला लागलो. परतल्यावरच्या कामाला मी प्रवासाचाच भाग मानतो, कारण कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या रॉ फायलींमध्ये जे आहे ते अजून कुणी पाहिलेलेच नसते.

सिरिल या संगणकप्रणालीत फ्रेम लावून घेतल्या, डार्क आणि फ्लॅट यांचे संस्कार केले आणि तारे जुळवून सरासरी काढली. दोन फ्रेमांमधून उपग्रह आरपार गेले होते. सरासरी काढताना इतर फ्रेमांपेक्षा फार वेगळे असणारे पिक्सेल वगळण्याची पद्धत वापरली की अशा रेघा निघून जातात. मग पार्श्वभूमीचा उतार वजा केला. अंधाऱ्या पठारावरही तो असतो, कारण वरच्या वातावरणातला ऑक्सिजन ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सतत देत असतो आणि तो क्षितिजाकडे वाढतो. या टप्प्यावर घाई करू नये. वजा करण्याचे नमुनाबिंदू चुकून तेजोमेघाच्या टोकावर ठेवले तर संगणक ते टोकच पुसून टाकतो, आणि बर्नार्डच्या वलयासारख्या चौकटभर पसरलेल्या वस्तूत पार्श्वभूमी म्हणावी अशी जागाच थोडी असते.

रंग ताऱ्यांच्या ज्ञात रंगांवरून बसवले. त्यानंतर चित्र ताणले, म्हणजे मंद भाग वर उचलले, पण ते थोडे थोडे करून. तेजोमेघांची छायाचित्रे हल्ली फार लाल केली जातात. मृगाचे वलय निखाऱ्यासारखे पेटलेले दिसते आणि त्याच्या आतले फरक नाहीसे होतात. माझ्या चित्रात मी लाल रंग तेवढाच ठेवला जेवढ्यात अश्वमुखामागचा पडदा आणि वलयाची कड यांच्यातला उजळपणाचा फरक दिसत राहतो. ताऱ्यांशिवाय तेजोमेघ वेगळा काढून त्याच्यावर काम करणारी साधने उपलब्ध आहेत, तीही वापरली. परंतु तारे परत आणताना त्यांचा आकार मुद्दाम लहान केला नाही. काक्षीचा नारिंगी आणि राजन्याचा निळसर पांढरा रंग चित्रात तितकाच महत्त्वाचा आहे.

तयार झालेल्या ५० मिलिमीटरच्या चित्रात मृगशीर्षाभोवतीचे वर्तुळही आले आहे. लॅम्डा ओरायनिस या ताऱ्याभोवतीचा हा तेजोमेघ स्ट्यूअर्ट शार्पलेस यांच्या १९५९ च्या यादीत २६४ व्या क्रमांकावर आहे. त्याच यादीत बर्नार्डचे वलय २७६ वे. वलय पूर्वेला आणि दक्षिणेला स्पष्ट आहे, राजन्याच्या अलीकडे ते विरत जाते. तिथून पश्चिमेला, यमुना तारकासमूहाच्या दिशेने, ते ज्या विशाल बुडबुड्याचा एक तुकडा मानले जाते त्याच्या पुसट खुणा माझ्या फ्रेमांत पार्श्वभूमीच्या नॉइजमध्ये गुंतल्या आहेत. त्या सोडवायला ८५ मिलिमीटरची लेन्स, हायड्रोजन-अल्फाचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर आणि शेजारी शेजारी घेतलेल्या चार चौकटी लागतील, प्रत्येकीला किमान तीन तास. पुढच्या हिवाळ्यातल्या अमावस्या मी त्यासाठी राखून ठेवल्या आहेत.